डॉक्टर, सायकल चालवू तरी कुठे?

हा प्रश्न मला माझ्याच एका रुग्णाने विचारला, आणि तोही डावा हात गळ्यात अडकवून.

गृहस्थ बावन्न वर्षांचे, इथेच बाळकुममध्ये राहणारे. मधुमेहाचं निदान होऊन चार वर्षं झालेली. गुडघे कुरकुरायला लागले होते म्हणून चालण्याऐवजी सायकल चालवा, असं मीच सुचवलं. नुसतं सुचवलं नाही, औषधांच्या खाली चिठ्ठीवर लिहूनही दिलं : सायकल, रोज ४० मिनिटं, आठवड्यातून पाच दिवस. त्यांनी मनावर घेतलं. मुलाची गिअरची जुनी सायकल माळ्यावरून काढली, दुरुस्त करून घेतली आणि रोज पहाटे बाळकुम नाक्यावरून कशेळीचा पूल ओलांडून काल्हेरपर्यंत जाऊन यायला लागले. तीन महिन्यांत एचबीए१सी ८.१ वरून ७.२ वर आलं. ते खूश, मी त्यांच्याहून खूश.

सप्टेंबरातल्या एका सकाळी, खड्डा चुकवायला ते जरा उजवीकडे सरकले आणि मागून आलेल्या टेम्पोचा आरसा त्यांच्या उजव्या कोपराला लागला. पडले ते डाव्या खांद्यावर. कॉलरबोन मोडलं. सायकलवरून पडणाऱ्यांचं हे हाड फार वेळा मोडतं, कारण पडताना माणूस खांद्यावर तरी आपटतो किंवा हात पुढे तरी टेकवतो. बहुतेकांना ऑपरेशन लागत नाही, झोळी बांधून काही आठवड्यांत हाड जुळतं. त्यांचंही जुळलं. पण दवाखान्यात दाखवायला आले तेव्हा त्यांच्या पत्नी एक वाक्य बोलल्या ते माझ्या मनातून जात नाही. "डॉक्टर, तुम्ही चिठ्ठीवर किती मिनिटं ते लिहिलंत. कुठे ते नाही लिहिलंत."

खरं होतं. गोळी लिहून देताना आम्ही मात्रा लिहितो, वेळ लिहितो, जेवणाआधी की नंतर तेही लिहितो. व्यायाम लिहिताना मात्र 'रोज चाला', 'सायकल चालवा' एवढ्यावर आमची लेखणी थांबते.

तुम्ही या भागात राहत असाल तर तो रस्ता तुम्हाला माहीत आहे. जुना आग्रा रोड. एकीकडे मेट्रोचे खांब आणि पत्रे, दुसरीकडे भिवंडीच्या गोदामांकडे जाणारे कंटेनर, मध्ये रिक्षा, आणि पावसाळ्यानंतर सगळ्यांच्या खाली खड्डे. पहाटे सहा वाजताही तो रस्ता झोपलेला नसतो, उलट अवजड गाड्यांना तीच वेळ मोकळी मिळते. अशा रस्त्यावर मी एका माणसाला आठवड्यातून पाच दिवस पाठवत होतो.

अपघाताचा धोका दिसतो तरी. हवेचा दिसत नाही. शांत बसलेला माणूस मिनिटाला साधारण सहा ते आठ लिटर हवा आत घेतो. मध्यम वेगाने सायकल चालवताना हेच प्रमाण ४० लिटरच्या पुढे जातं. शिवाय दम लागला की आपण तोंडाने श्वास घेतो, म्हणजे नाकाची गाळणी बाजूलाच राहते. बारीक धूलिकण, ज्यांना आपण पीएम २.५ म्हणतो, ते थेट फुप्फुसाच्या तळापर्यंत पोहोचतात आणि तिथून त्यांचा त्रास हृदयाला आणि रक्तवाहिन्यांना होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या शिफारशीनुसार २४ तासांची सरासरी १५ मायक्रोग्रॅमच्या आत असावी. भारताचा मानक ६० आहे. थंडीत आपल्या नाक्यांवरचे आकडे तुम्ही मोबाइलवर पाहताच.

म्हणून सायकल सोडायची का? तर नाही. २०१६ साली केंब्रिजच्या संशोधकांनी हे गणित मांडलं होतं. हवेत पीएम २.५ चं प्रमाण १०० असेल तरी दिवसाला सुमारे दीड तासापर्यंत सायकलिंगचा फायदा तोट्यापेक्षा जास्त भरतो, त्यानंतर पारडं फिरतं. हे सरासरी माणसाचं गणित आहे. दमेकऱ्याला किंवा हृदयविकार असलेल्याला ते जसंच्या तसं लागू करू नका. पण दीड तासाच्या आत असूनही ट्रकच्या धुरातच तो वेळ कशाला घालवायचा, हा प्रश्न उरतोच.

मग मी स्वतः शोधायला निघालो. मीही सायकल चालवतो, पण तोपर्यंत माझी मजल येऊरपर्यंतच होती.

येऊरबद्दल आधी सांगतो, कारण ठाण्यात सायकल म्हटलं की सगळे तेच नाव घेतात. बाळकुमहून माजिवडा, पोखरण रोड, उपवन आणि मग चेकनाका. तिथून वर चढ सुरू होतो. दोन्ही बाजूंना संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचं जंगल, पावसाळ्यात धुकं, हिवाळ्यात पक्षी. चढ छातीचा भाता तपासणारा आहे, आणि उपवन सोडल्यावर हवेत फरक जाणवतो. पण खरं सांगायचं तर तो वाहनमुक्त रस्ता नाही. वर पाडे आहेत, बंगले आहेत, हॉटेलं आहेत, आणि रविवारी सकाळी नऊनंतर मोटारी आणि मोटारसायकली इतक्या येतात की उतारावर जीव मुठीत धरावा लागतो. सकाळी लवकर जा, पण अंधारात नाही. हा बिबट्यांचा मुलूख आहे. झुंजूमुंजूची आणि संध्याकाळची वेळ त्यांची. प्रवेशाच्या वेळा वन विभाग ठरवतो, त्या नाक्यावर विचारून घ्या. आणि डांबरी रस्ता सोडून जंगलातल्या पायवाटांवर सायकल घालू नका. ते राष्ट्रीय उद्यान आहे, आपलं मैदान नाही.

मला हवं होतं ते वेगळंच. परदेशात याला 'ग्रॅव्हल बायकिंग' म्हणतात. डांबरी नाही आणि डोंगरातली दगडधोंड्यांची वाटही नाही, दोन्हींच्या मधला खडीचा, मुरमाचा, मातीचा रस्ता. अमेरिकेत कॅन्सस राज्यातल्या टेकड्यांमधून २००६ पासून अशा रस्त्यांवर दोनशे मैलांची शर्यत होते. इंग्लंडमध्ये तर कच्च्या वाटांवर सायकल नेणाऱ्यांनी १९५५ सालीच मंडळ काढलं होतं. आता त्यासाठी खास सायकली निघाल्या आहेत, जाड टायरच्या आणि वाकड्या हँडलच्या, किंमत ऐकून छातीत धडधड व्हावी अशा. पण जरा आठवून बघा. आपल्या दूधवाल्याची काळी सायकल, २८ बाय दीडच्या टायरची. तो टायर साधारण ४० मिलिमीटर रुंद असतो. आजच्या ग्रॅव्हल सायकलचा मापही जवळपास तोच! आपले आजोबा तालुक्याला मुरमाच्या रस्त्याने जायचे तेव्हा ग्रॅव्हल बायकिंगच करत होते, फक्त त्यांना ते माहीत नव्हतं.

आणि रस्ते? आपल्या भाषेत त्यांना नावंही आहेत. पाणंद, गाडीवाट, शिवरस्ता, आणि सरकारी फलकावर 'खडीकरण'. ठाणे जिल्ह्याच्या ग्रामीण भागात, शहापूर, मुरबाड, भिवंडीच्या पूर्वेकडे, गावागावांमधून हे रस्ते आजही आहेत. एका गावाला दुसऱ्या गावाशी किंवा शेताशी जोडणारे, ज्यांवरून तासाभरात एखादी मोटारसायकल आणि चार म्हशी जातात.

मला सगळ्यात आवडले ते पाण्याचे रस्ते. मुंबईचं पाणी येतं कुठून, तर आपल्याच जिल्ह्यांतून. तानसा धरण १८९२ सालचं. तेव्हापासून या भागातून मुंबईकडे एकामागून एक जलवाहिन्या टाकल्या गेल्या. भातसाचं पाणी पिसे इथे उचलून पांजरापूरला शुद्ध केलं जातं. हे प्रचंड नळ भिवंडी तालुक्यातून आपल्या बाळकुम-कपूरबावडीच्या परिसरात येतात आणि पुढे मुंबईत जातात. आपण रोज त्यांच्या शेजारी राहतो आणि लक्षही देत नाही. या नळांच्या देखभालीसाठी बऱ्याच ठिकाणी कडेने रस्ता ठेवलेला असतो, कुठे मुरमाचा, कुठे उखडलेल्या डांबराचा. एवढा मोठा नळ डोंगराच्या माथ्यावरून नेत नाहीत, शक्य तिथे पायथ्याने वळसा घालून नेतात. त्यामुळे दोन्हीकडे डोंगर आणि चाकाखाली सौम्य चढउतार, असा योग तिथे जुळून येतो. गुडघे दुखणाऱ्या माणसाला आणखी काय हवं?

एक सूचना मात्र आवर्जून. हे रस्ते महापालिकेच्या मालकीचे आहेत आणि पाण्याच्या सुरक्षेचा प्रश्न आहे. जिथे फाटक किंवा रखवालदार आहे तिथे विचारा, नाही म्हटलं तर मुकाट्याने मागे फिरा. गावकरी जिथून रोज ये-जा करतात तेवढेच भाग मी वापरतो. मुंबईच्या हद्दीत याच नळांच्या कडेने ३९ किलोमीटरचा सायकल मार्ग करायची योजना पालिकेने आखली होती. ठाण्याच्या बाजूला असं काही झालं तर माझ्या निम्म्या रुग्णांची सोय होईल.

आमचा नेहमीचा बेत असा असतो. सायकली गाडीच्या मागे लावायच्या, नाशिक महामार्गाने पडघ्याला जायचं, तिथे गाडी लावायची आणि महामार्ग सोडून आत वळायचं. (वाहनमुक्त रस्त्यावर पोहोचायला वाहन काढावं लागतं, ही विसंगती मलाही कळते. पण तो महामार्ग सायकलने पार करा असं मी कुणालाही सांगणार नाही.) पिशाच्या बाजूला भातसा नदीच्या आसपास भातखाचरं, मधूनमधून सागाची झाडं, उन्हाळ्याच्या तोंडी फुललेला पळस. हवा स्वच्छ असेल तर दूरवर माहुलीचे सुळके दिसतात. पहिल्यांदा तिथे थांबलो तेव्हा मला स्वतःच्या श्वासाचा आवाज ऐकू आला. बाळकुममध्ये तो ऐकल्याचं आठवत नाही.

याहून लांब जायचं असेल तर आटगाव स्टेशनच्या बाजूने तानसा अभयारण्याच्या कडेचे रस्ते आहेत, बदलापूरकडे बारवी धरणाच्या जंगलातला रस्ता आहे, आणि वसईच्या बाजूला तुंगारेश्वरच्या देवळाकडे जाणारा ओढे ओलांडत जाणारा कच्चा रस्ता आहे. तुंगारेश्वरला श्रावणी सोमवारी आणि महाशिवरात्रीला जाऊ नका, तेव्हा तिथे पाय ठेवायला जागा नसते.

आता त्या गृहस्थांकडे वळतो. हाड जुळलं होतं, पण मन जुळलं नव्हतं. झोळी सुटल्यावरही त्यांनी सायकलला हात लावला नाही, आणि पुढच्या तपासणीत एचबीए१सी पुन्हा ७.९. मीच त्यांना म्हटलं, रविवारी माझ्याबरोबर चला. त्यांच्या पत्नींनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी खाली मान घालून गोळ्या लिहायला लागलो.

पहिल्या रविवारी बारा किलोमीटर झाले असतील. ते मागे होते, गप्पा चालल्या होत्या. हळूहळू त्यांच्या बाजूच्या गप्पा थांबल्या. वळून पाहिलं तर चेहरा पांढरा, कपाळावर घाम, हँडल थरथरतंय. उतरवलं, नळाच्या सावलीत बसवलं. माझ्या पिशवीत ग्लुकोमीटर होता. साखर ५८.

चूक कुणाची? माझीच. ते मेटफॉर्मिनबरोबर ग्लिमेपिराइड घेत होते. ही दुसरी गोळी स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते, पोटात अन्न असो वा नसो. पहाटे लवकर निघायचं म्हणून त्यांनी गोळी घेतली आणि खाल्लं काय, तर दोन बिस्किटं. त्यावर चढाचा व्यायाम. व्यायामात स्नायू रक्तातली साखर झपाट्याने ओढून घेतात. हे सगळं मला पाठ आहे, परीक्षेत लिहून आलोय, पण निघण्याआधी 'आज गोळीचं काय केलंत' हे विचारायचं राहून गेलं. त्यांना तीन चमचे ग्लुकोज पाण्यातून दिलं, पंधरा मिनिटं थांबलो, पुन्हा मोजली तर ८६. मग एक केळं आणि पोळी. तिथे ना दुकान होतं ना रिक्षा. माझ्या खिशातल्या मोबाइलला रेंजची एकच कांडी होती, तीही येऊन-जाऊन. गाड्या नसलेल्या रस्त्यावर मदतही नसते, हे मी रस्ता शोधताना ध्यानातच घेतलं नव्हतं.

म्हणून तुम्ही जर मधुमेहासाठी ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड यांसारख्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेत असाल, तर अशा लांब फेरीच्या दिवशी मात्रा आणि वेळ बदलायची का, हे आधी तुमच्या डॉक्टरांना विचारा. स्वतःच्या मनाने गोळी बंद करू नका. निघण्याआधी साखर मोजा, खाऊन निघा, आणि साखर किंवा ग्लुकोज पाठीवरच्या पिशवीत नको, खिशात हवं. थरथरत्या हातांना पिशवीची चेन उघडत नाही. लांब फेरीनंतर त्या रात्रीही साखर उतरू शकते, तेव्हा रात्रीचं जेवण चुकवू नका.

चाळिशी ओलांडली असेल, रक्तदाब किंवा मधुमेह असेल, तर डोंगराळ रस्त्यावर जाण्याआधी एकदा तपासून घ्या. चढावर छातीत दडपण आलं, जबडा किंवा डावा हात दुखला, घेरी आली, तर थांबायचं. 'एवढा चढ संपवतो आणि मग बघतो' असं म्हणायचं नाही. किती जोर लावावा याची सोपी खूण म्हणजे बोलणं. वाक्य पूर्ण बोलता येतंय पण गाणं म्हणता येत नाही, तो मध्यम व्यायाम. दोन शब्दांनंतर श्वास घ्यावा लागत असेल तर उतरून सायकल ढकला, त्यात कमीपणा नाही. रक्तदाबासाठी ॲटेनोलॉल, मेटोप्रोलॉलसारखी गोळी चालू असेल तर नाडीचे ठोके हवे तितके वाढत नाहीत, त्यामुळे मनगटावरच्या घड्याळावर विसंबू नका, या बोलण्याच्या खुणेवर विसंबा.

खडीच्या रस्त्याची एक वेगळी तक्रार असते : करंगळी आणि तिच्या शेजारचं अर्धं बोट बधिर होणं. मला स्वतःला झालं होतं. तळहाताच्या करंगळीकडच्या बाजूने मनगटातून अल्नर नावाची नस जाते. हँडलवर भार टाकून तासभर हादरे खाल्ले की ती दबते. उपाय साधे आहेत. दर काही मिनिटांनी हाताची जागा बदला, कोपर ताठ ठेवू नका, गादीचे हातमोजे घाला. आणि टायरमधली हवा कमी करा! दुकानदार टायर दगडासारखा टणक करून देतो आणि आपण त्याला चांगलं समजतो. ४० मिलिमीटरच्या टायरला साधारण सत्तर किलोच्या माणसासाठी ३५ ते ४५ पीएसआय पुरे. हादरे टायर खातो, तुमची मनगटं नाही. बोटं दुसऱ्या दिवशीही बधिर राहिली किंवा पकड ढिली झाली तर दाखवून घ्या. सीटच्या जागी बधिरपणा आला तर सीटचा कोन आणि उंची तपासा. पायडल सगळ्यात खाली असताना गुडघा किंचित वाकलेला राहायला हवा. सीट फार खाली असेल तर गुडघ्याच्या वाटीवर ताण येतो. त्या गृहस्थांच्या गुडघ्यांची निम्मी कुरकुर सीट दोन बोटं वर घेतल्यावर थांबली.

कुत्री. ही गावाकडच्या रस्त्यावरची खरी अडचण, बिबट्या नव्हे. कुत्रा मागे लागला तर वेग वाढवू नका, उतरा आणि सायकल मध्ये धरा. चावलाच तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी लस सुरू करा. हळद, मिरची, चुना काही लावायचं नाही. गवतात पाय टाकताना बघून टाका, कारण आपल्याकडे नाग, मण्यार, घोणस, फुरसं चारही आहेत. साप चावला तर आवळपट्टी बांधू नका, चिरा देऊ नका, चावलेला भाग न हलवता सरकारी रुग्णालय गाठा. १०८ ला फोन करा, आणि निघण्याआधी घरच्यांना रस्ता सांगून ठेवा. एकटे जाऊ नका हे वेगळं सांगत नाही.

गृहस्थ आता महिन्यातून दोन-तीन रविवार येतात. इतर दिवशी त्यांनी खाडीच्या बाजूच्या आपल्या वसाहतीतल्या आतल्या गल्ल्यांमध्ये फेऱ्यांचा हिशोब बसवला आहे. परवाचं एचबीए१सी ७.१. पत्नी माझ्याशी पुन्हा नीट बोलतात, आणि रविवारी डब्यात राजगिऱ्याचे दोन लाडू माझ्या नावाचेही असतात.

आता पाऊस सुरू होईल. मुरमाचा रस्ता तेव्हा चिखल होतो, ओढे अंदाज न देता वाढतात, आणि खरचटलेल्या पायाने साचलेल्या पाण्यातून गेलं की लेप्टोची भीती. अशा पाण्यातून गेल्यावर पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ताप आला, अंग आणि पोटऱ्या दुखल्या, तर अंगावर काढू नका आणि डॉक्टरांना पाण्यातून गेल्याचं आठवणीने सांगा. त्या चार महिन्यांसाठी मी त्यांना सायकल घरातच स्टँडवर लावून चालवायला सांगितलं आहे. पहिल्याच दिवशी फोन आला. "डॉक्टर, पंखा लावला, गाणी लावली, तरी कंटाळा येतो हो. भातखाचरं कुठनं आणू?"